गव्हाचे वावडे

इतिहासाच्या पुस्तकांत किल्ल्यांचे दरवाजे भेटतात, बुरूज भेटतात, तोफा भेटतात. परंतु किल्ल्यावरच्या चुलीवर काय शिजत होते, ते मात्र क्वचितच भेटते. आमच्या वेल्ह्याचेच पाहा ना. गावाच्या डोक्यावर तोरणा उभा, पलीकडे राजगड. तालुक्याचे नावही आता राजगड झाले आहे. पण आम्हां जुन्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच बसलेले आहे. दर रविवारी शहरातली मंडळी येतात, बिनी दरवाजातून वर चढतात, पुढे कोठीचा दरवाजा ओलांडतात, झुंजार माचीवर छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी परत जातात. दरवाजाला कोठीचे नाव आहे खरे; पण कोठीत कोणते धान्य भरत असतील, हा प्रश्न मला आजवर एकाही पाहुण्याने विचारलेला नाही.

मला तो पडतो, त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. दुसरे म्हणजे मला गव्हाचे वावडे आहे. वावडे म्हणजे नावड नव्हे बरे! पुरणपोळी मला अजूनही आवडते; तिला मी आवडत नाही. २००९ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, हे निदान झाले आणि तेव्हापासून मी इतिहास थोडासा पोटाच्या बाजूने वाचू लागलो. त्या वाचनात जे हाती लागले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम आमच्या मावळाविषयी. कानंद मावळ आणि गुंजण मावळ ही वेल्ह्याची दोन खोरी. खाली ओढ्याकाठच्या खाचरांत भात, वर डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, सावा आणि कारळे. राब भाजायचा, रोपे तयार करायची, पाऊस धरला की गुडघाभर चिखलात लावणी करायची. वरकस जमिनीत एक वर्ष नाचणी, पुढे वरी, मग कारळे. त्यानंतर जमीन दमली की तिला चार वर्षे स्वस्थ पडू द्यायचे. ह्या साऱ्या क्रमात गहू कोठे दिसतो? जवळजवळ नाहीच. गव्हाला थंडीची हवा आणि ओल धरून ठेवणारी काळी जमीन लागते. आमची जमीन तांबडी, उताराची, पावसाळ्यात धो धो वाहणारी आणि दिवाळी सरली की कोरडी पडणारी.

गहू महाराष्ट्राला नवखा होता असे मात्र कोणी समजू नये. आमच्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, शिरूरजवळच्या इनामगावी, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जव हे मुख्य पीक होते आणि गव्हाचे जळके दाणेही सापडले. म्हणजे एकाच जिल्ह्यात पूर्वेला गव्हाची ओळख इतकी जुनी आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत नाचणी-भाताचे राज्य. मावळात गहू येई तो घाटावरच्या बाजारातून, पाहुण्यासारखा. आणि पाहुण्यासारखाच त्याचा मान असे.

हा मान मी डोळ्यांनी पाहिला आहे. साठ वर्षांपूर्वी आमच्या घरात फळीवर एक पत्र्याचा डबा असे. त्यात दोन-तीन शेर गहू. त्या डब्याला आम्हां मुलांचा हात लागता कामा नये, असा आईचा दंडक. रोज भाकरी नाचणीची किंवा तांदळाची. सोयरा आला, मामलेदार कचेरीतला कोणी आला, होळी-पाडवा आला, की तो डबा खाली उतरे. जात्याच्या घरघरीवरून आम्ही ओळखत असू की, आज कोणीतरी मोठे माणूस येणार. पोळी पाहुण्याच्या पानात, भाकरी घरच्यांच्या पानात. "कोंड्याचा मांडा करावा" अशी म्हण आपल्याकडे उगाच पडली नाही. गव्हाचा मांडा हे वैभव, आणि कोंडा ही गरिबी. धान्यांतही उच्चनीच भाव असतो आणि तो माणसांना चिकटतो.

चिकटण्यावरून आठवले. गव्हात असे काय आहे, जे नाचणीत आणि तांदळात नाही? ते समजायला प्रयोगशाळेत जायला नको, स्वयंपाकघरात जावे. पोळी लाटता येते, भाकरी थापावी लागते. कणकेला ताण असतो. ओढली तर लांबते, सोडली तर आखडते. नाचणीचे पीठ ओढले तर तुटते, म्हणून त्याला उकळते पाणी घालून, तळहाताने मळून, हलक्या हाताने फिरवावे लागते. हा ताण देणारे गव्हातले चिवट द्रव्य म्हणजे ग्लुटेन. उन्हाळ्यात आपल्या घरी कुरडया होतात, त्या आठवा. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळून चीक काढायचा आणि चोथा बाजूला टाकायचा. इटलीतल्या बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या पंडिताने साधारण असेच केले. कणीक पाण्यात धूत राहिला; पिठूळ भाग पाण्याबरोबर गेला आणि हातात रबरासारखा गोळा उरला. त्याचा तो लेख १७४५ साली प्रसिद्ध झाला आणि शास्त्रज्ञांच्या जगाला ग्लुटेन ठाऊक झाले. आपल्या आज्यांनी असा लेख लिहिला नाही, एवढेच. तरीही कुरडईच्या चिकात ग्लुटेनचा अंश राहतोच, म्हणून ती मला वर्ज्य.

आता ह्या द्रव्याने माणसाचे बिघडते काय? काहींच्या आतड्यात ते गेले की शरीराची संरक्षक फौज आपल्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नाचा कस तीच शोषून घेते. ती लव झडून सपाट होते. मग माणूस जेवतो भरपूर आणि उपाशी राहतो. ह्या रोगाला सीलिॲक म्हणतात. पोट ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. कॅपॅडोशियाच्या ॲरेटियस नावाच्या ग्रीक वैद्याने अठरा-एकोणीसशे वर्षांपूर्वी अशा रोग्यांचे वर्णन केलेले आहे. लंडनच्या सॅम्युएल गी ह्यांनी १८८८ साली त्यावर नामांकित लेख लिहिला आणि बरे व्हायचे तर ते आहारानेच होईल, असे बजावले. पण आहारातले नेमके काय सोडायचे? ते त्यांना उमगले नव्हते. पुढे १९२४ साली अमेरिकेत हास नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले. मुले सुधारली; श्रेय केळ्यांना मिळाले. खरे तर केळ्यांच्या ताटात पाव नव्हता, ही त्यातली मेख!

ती मेख ओळखली हॉलंडच्या विलेम डिके ह्या बालरोगतज्ज्ञाने. पाव खाल्ला की आजारी मुले बिघडतात, हा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडवर भयंकर दुष्काळ ओढवला. जर्मन फौजांच्या ताब्यातल्या शहरांत पाव मिळेना. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. हजारो माणसे भुकेने मेली, आणि त्याच काळात ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पुढे विमानांतून पाव आला, देश आनंदला, आणि ही मुले पुन्हा आजारी पडली. डिके ह्यांनी उट्रेख्टच्या सहकाऱ्यांबरोबर मोजमापे केली आणि १९५० साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, दोष गहू आणि राय ह्या धान्यांचा आहे. लवकरच तो त्यांतल्या ग्लुटेनवर नेमका ठरला. दुष्काळातून निघालेले एवढे उपयोगी ज्ञान दुसरे क्वचितच असेल.

हॉलंडमध्ये पाव रोजचा होता, म्हणून तो जाताच फरक दिसला. आमच्या मावळात पोळी सणाची होती. मग इथे हा रोग दिसणार कसा? हिंदुस्थानात २०१६ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तेवीस हजारांहून अधिक प्रौढ माणसे तपासली होती. उत्तरेकडे हजारी बारा जणांच्या रक्तात ह्या रोगाची प्रतिद्रव्ये आढळली, दक्षिणेकडे हजारी एकाच्या. रोगाला अनुकूल असणारी आनुवंशिक घडण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती. ठळक फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. मला वाटते, माझ्या पणज्याच्या अंगातही हे वावडे झोपलेले असेल. होळीच्या दोन पोळ्यांनी ते जागे होण्याइतका त्रास दिला नसेल, किंवा दिला तर "सणाचे जेवण बाधले" म्हणून ओवा खाऊन तो विषय संपला असेल.

तो पाहुणा गहू घरचा मालक कसा झाला, ही आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखतची कथा आहे. १९४२ साली ब्रह्मदेश पडला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. भात खाणाराच्या पिशवीत जे मिळेल ते धान्य पडू लागले. मावळातली निम्मी माणसे मुंबईत गिरणीत आणि गोदीत. ती सुट्टीला येताना पावाची आणि पोळीची सवय घेऊन येत. १९५६ साली अमेरिकेशी पी.एल. ४८० चा करार झाला आणि बोटी भरभरून गहू येऊ लागला. १९६६ ह्या एकाच वर्षी सुमारे एक कोटी टन धान्य देशाने बाहेरून आणले. त्याच वर्षी मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आले. पाच वर्षांत देशाचा गहू सव्वा कोटी टनांवरून दोन कोटींवर गेला. मग १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षीचा तांबडा मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी आमच्या वयाची माणसे विसरलेली नाहीत. पुढे रेशनच्या दुकानात गहू आणि तांदूळ कायमचे झाले, प्रत्येक नाक्यावर बेकरी आली, आणि वरकस जमिनी ओस पडल्या. गव्हाने देशाला भुकेतून वाचवले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. फक्त ज्याला तो सोसत नाही त्याला लपायला जागा उरली नाही.

माझी हकीकत थोडक्यात सांगतो. वर्षानुवर्षे पोट बिघडलेले, रक्त कमी, चार पायऱ्या चढलो की धाप. तोरण्याच्या पायथ्याशी राहणारा माणूस तोरणा चढेनासा झाला. कोणी आमांश म्हटले, कोणी मनाचे दुखणे म्हटले. लोहाच्या गोळ्या किती गिळल्या त्याची मोजदाद नाही. शेवटी पुण्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्तातली विशिष्ट प्रतिद्रव्ये तपासली, मग दुर्बिणीने आतड्याचा कण काढून पाहिला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, औषध नाही. गहू, जव आणि राय सोडा, जन्मभर." एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली, ती वाचकांसाठी लिहून ठेवतो. शंका आली म्हणून तपासणीपूर्वीच गहू सोडू नये. सोडला तर रक्त आणि आतडे दोन्ही खोटी साक्ष देतात. आणि एकाला निघाले तर भावंडांनी व मुलांनीही तपासून घ्यावे. वर्षभरात माझे रक्त भरून आले. दुसऱ्या हिवाळ्यात मी पुन्हा बिनी दरवाजापर्यंत चढलो.

सगळी वावडी एका जातीची नसतात. १९०६ साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के ह्यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडवला; त्या जातीचे वावडे काही मिनिटांत अंगावर पित्त उठवते, घसा आवळते, प्रसंगी जीव घेते. आपल्याकडे उसळीत, कोशिंबिरीत, खिचडीत शेंगदाण्याचे कूट सढळ हाताने पडते. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे तोही पाहुणाच. ज्या मुलाला तो बाधतो, त्याच्या आईला आपल्या पंगतीत किती भीत बसावे लागत असेल! माझे दुखणे संथ आहे. तिचे मिनिटांचे आहे.

परंतु संथ असले तरी ते फसवे आहे. गहू पोळीतच असता तर काय हवे होते! आमटी निर्मळ, पण फोडणीतल्या बांधणीच्या हिंगात मैदा असू शकतो. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू घालायची कित्येक घरांची रीत. सातू म्हणजे जव. पौष्टिक म्हणून नावाजलेला खपली गहू हाही गहूच. "हा जुना आहे, बाधत नाही" असे सांगणाऱ्यांवर ह्या रोग्याने विश्वास ठेवू नये. नाचणी स्वतः निर्दोष. पण ती गावच्या गिरणीत गव्हामागून दळली की संपले. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, असा आपल्याकडे नियम आहे. मी शाळामास्तरी हिशेब केला: किलोभर नाचणीत गव्हाचे पाचसहा दाणे मिसळले की ही मर्यादा ओलांडली! म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी आईचे जाते माळ्यावरून खाली काढले. पुढे खांदे दुखू लागले तेव्हा घरघंटी घेतली. पण तिच्यात गहू आजवर पडलेला नाही. जात्याला ह्या वयात पुन्हा कामावर रुजू व्हावे लागले, ते माझ्यामुळे.

हे सारे घरात निभावते. खरी परीक्षा दाराबाहेर. आपल्याकडे पंगतीत आग्रह हे प्रेमाचे माप आहे आणि पंक्तिप्रपंच हे पाप आहे. एकाला पोळी, एकाला भाकरी असे वाढणारा यजमान बदनाम होतो. ही रीत मुळात चांगली. ज्या समाजात पंक्तीच वेगळ्या असत, तिथे एका पंक्तीत सगळ्यांना सारखे वाढणे ही मोठी मजल होती. पण माझ्यासारख्याला सारखे वाढले की मी आजारी पडतो आणि वेगळे मागितले की यजमान ओशाळतो.

मामाच्या गावी नातीच्या लग्नात हेच घडले. आचाऱ्याच्या मांडवात पुऱ्या, शिरा, मठ्ठा. मी मामीला आत जाऊन म्हटले, "मामी, मला घरातली तांदळाची भाकर दे." घरच्या जात्यावरचे पीठ, घरचा मातीचा तवा, मला ठाऊक होते. मामीच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, "आरं, गुरुजी तू. भाच्याच्या पानात लग्नात भाकर वाढली, तर सोयरं आमच्या तोंडात श्यान घालतील की!" मी रोगाचे नाव सांगितले, रक्त सांगितले, आतडे सांगितले. तिला एकच दिसत होते, की बहिणीसारख्या नणंदेचा मुलगा तिच्या दारी भाकर खाऊन जाणार. तिच्या डोळ्यांपुढे तोच फळीवरचा पत्र्याचा डबा होता.

नव्वदीच्या घरातले मामा ओसरीवर बसले होते. त्यांनी सारे ऐकले. वाढप्याला हाक मारून म्हणाले, "माझ्याबी पानात भाकरच वाढा. दात न्हाईत मला, पर दुधात कुस्करून खाईन." त्यांचे पाहून शेजारच्या दोघातिघा म्हाताऱ्यांनीही भाकर मागितली. एकजण म्हणाला, "लई दिसांनी लग्नात भाकर." मामी घाईघाईने आत गेली आणि चूल पेटली. पंक्तिप्रपंच झाला नाही. आणि मीही उपाशी उठलो नाही.

मामांना ग्लुटेन हा शब्द ठाऊक नव्हता. पण दुखणे आतड्यात असले तरी अडचण मानात आहे, हे त्यांनी माझ्याआधी ओळखले. गव्हाला दिलेला मान फार जुना नाही आणि अढळही नाही. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. आता पुण्यातल्या दुकानांत नाचणी सुबक पुड्यांतून गव्हाहून महाग विकली जाते. पिकते तिथे विकत नाही, हेच खरे! वेल्ह्याची वरकस जमीन मात्र अजून ओसच आहे.

आपल्या परंपरेत एक जागा मला विशेष प्रिय आहे, ती म्हणजे उपवास. एकादशीला घरातली सगळी माणसे वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा खातात. त्या दिवशी मला वेगळे पान नसते. घरच्या घरघंटीवरचे पीठ असले की, मी सगळ्यांसारखा जेवतो. आणि दिवाळीही तितकीशी निष्ठुर नाही. शंकरपाळे, करंज्या, चिरोटे, रव्याचे लाडू गेले, राहिले काय? अनारसे तांदळाचे. चिवडा पोह्यांचा. लाडू बेसनाचे. चकली तांदळाच्या भाजणीची. अर्धी दिवाळी आमच्या खाचरांतूनच उगवते!

तेव्हा गृहिणींना एवढीच विनंती. यंदा फराळाला बसलेले कोणी "मला करंजी नको" म्हणाले, तर तीनदा आग्रह करू नका, एकदाच विचारा, "काय बाधते?" तळणाला नवे तेल घातलेत की तांदळाच्या चकल्या आधी तळा आणि करंज्या मागाहून. अनारशांचा डबा निराळा ठेवा, त्याचा चमचा निराळा. आणि ते ताट त्या पाहुण्यापुढे ठेवताना स्वतःही त्यातला एक अनारसा उचलून तोंडात टाका.

सर्व वाचकांची दिवाळी सुखाची आणि पचेल अशी होवो.